डाउन सिंड्रोम असलेल्या बहिणीसाठी निवासी संस्था निवडताना

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर पालकांनाही उत्तराचा संदर्भ कळेल. आपली धाकटी बहीण ४१ वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम (गुणसूत्रातील जन्मजात फरकामुळे येणारे बौद्धिक दिव्यांगत्व) आहे आणि ती सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ७६ वर्षांच्या आईसोबत राहते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. काही वर्षांपूर्वी ते गेले. आपण पत्नी आणि दोन मुलांसह ठाण्यात राहता. आईचे गुडघे आणि रक्तदाब आता तिला साथ देत नाहीत. बहिणीला निवासी संस्थेत ठेवावे का, ठेवायचे तर केव्हा आणि संस्था पारखायची कशी, असे आपण विचारले आहे. आई मात्र ‘मी आहे तोवर ती माझ्यापाशीच, पुढचे पुढे बघू’ यापलीकडे काही बोलत नाही.

मी विशेष शिक्षिका म्हणून कामाला लागले आणि गेली बरीच वर्षे बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या पालकांसोबत याच प्रश्नावर काम करते आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की बहिणीचे पुढचे घर आई धडधाकट असतानाच निवडले गेले पाहिजे आणि त्या घराची सवय बहिणीला आईच्या सोबतीनेच लागली पाहिजे. आईच्या पश्चात, तेराव्याचे पाहुणे घरात असताना घाईने शोधलेली जागा बहुधा रिकामी खाट मिळाली म्हणून निवडलेली असते. त्या आठवड्यात बहिणीची आई जाते, आणि त्याच आठवड्यात तिची खोली, शेजारीपाजारी, मंदिराचा रस्ता आणि ताटातल्या जेवणाची चवही जाते. आपल्याला काय झाले हे नीट शब्दांत सांगता न येणाऱ्या माणसावर असा प्रसंग येऊ देऊ नये, यासाठीच ही सगळी खटपट करायची आहे.

आईच्या ‘पुढचे पुढे’ या उत्तरामागचे कारणही समजून घ्या, कारण तिला दोष देऊन हे काम पुढे सरकणार नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेसारख्या देशातही डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होते. आपली बहीण त्याच काळात जन्मली. तेव्हा आपल्याकडच्या कित्येक डॉक्टरांनी आईवडिलांना ‘हे मूल फार तर विशीपर्यंत’ असे सांगून घरी पाठवले होते. हृदयदोषावरच्या शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि घरची चांगली निगा यांमुळे आता प्रगत देशांत ही सरासरी साठीच्या घरात गेली आहे. मूल आपल्यामागे राहणार आहे, ही शक्यताच ज्या पिढीला कोणी सांगितली नाही, तिने त्याची तजवीज केली नाही यात नवल नाही.

संस्थांकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. संस्थेतच ठेवले पाहिजे असा काही नियम नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिलेला आहे आणि तिला एखाद्या विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती करता येत नाही, हेही त्यात स्पष्ट केलेले आहे. बहीण आपल्या ठाण्याच्या घरी राहून दिवसा दिव्यांग प्रौढांसाठीच्या कार्यशाळेत जाऊ शकेल का, हा विचार आधी मोकळेपणाने करा आणि त्या चर्चेत आपल्या पत्नीला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, कारण प्रत्यक्ष देखभाल बहुतेक घरांत सुनेच्याच वाट्याला येते आणि तिला न विचारता घेतलेला निर्णय वर्षभरात सगळ्यांनाच जड जातो. पत्नीने मनापासून होकार दिला, घरात बहिणीला झोपायला स्वतःची ठरलेली जागा मिळाली आणि दिवसाचे सहा-सात तास जाण्यासारखी कार्यशाळा जवळ असली, तर हा पर्याय कोणत्याही संस्थेइतकाच चांगला आहे. यांतली एखादी गोष्ट नसेल तर मात्र केवळ ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तिला घरात ठेवू नका. दुपारभर दूरदर्शनसंचासमोर एकटी बसलेली बहीण घरात असली तरी सुखात असतेच असे नाही. दोन-चार पालकांनी मिळून सदनिका घेऊन, पूर्णवेळ काळजीवाहक ठेवून चालवलेली छोटी घरेही आता दिसू लागली आहेत. कल्पना मला फार आवडते, पण आजारपणात आणि काळजीवाहकाच्या रजेच्या दिवसांत अशा घरामागे कोण उभे राहणार, हे आधी ठरलेले असायला हवे.

आता संस्थांविषयी. शोध सुरू केलात की हाती येणाऱ्या यादीतली अनेक नावे निवासी शाळांची असतील, आणि तिथली व्यवस्था साधारणपणे १८ वर्षांपर्यंतच असते. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना आयुष्यभराचे घर देणारे शंकरबाबा पापळकर याच एका मुद्द्यासाठी वर्षानुवर्षे झगडत आले आहेत: अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून या मुलांना बाहेर काढायचे, तर ती जाणार कुठे? प्रौढांसाठीच्या, त्यातही स्त्रियांना घेणाऱ्या संस्था कमी आहेत आणि चांगल्या ठिकाणी प्रतीक्षायादी असते. नाव नोंदवणे म्हणजे लगेच पाठवणे नव्हे, हे आईला समजावून सांगून नोंदणी मात्र याच वर्षी करा.

संस्था आईच्या जवळ असावी की आपल्या जवळ, असा पेच आपल्या प्रश्नातच दडलेला आहे. आज सांगली-मिरजेकडची संस्था आईला सोयीची वाटेल. परंतु पुढची वीस वर्षे भेटायला जाणारे, रात्री-अपरात्री रुग्णालयात धावणारे आपण असणार आहात. म्हणून मी ठाण्याहून दीड-दोन तासांत पोहोचता येईल अशा संस्थांना पहिली पसंती देईन. ठाणे जिल्ह्यात बदलापूरची ‘आधार’ आणि डोंबिवलीजवळ खोणी येथील अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ या पालकांनीच एकत्र येऊन उभ्या केलेल्या संस्था आहेत. त्यांची नावे शिफारस म्हणून देत नाही. पालकांनी पालकांसाठी चालवलेली संस्था कशी असते हे पाहायचे असेल तर सुरुवात अशा ठिकाणाहून करावी, एवढाच हेतू आहे. अशा संस्थांच्या कार्यकारिणीत बसणाऱ्यांची स्वतःची मुले तिथेच राहत असल्यामुळे जेवणाच्या दर्जापासून डॉक्टरांच्या फेरीपर्यंत बऱ्याच गोष्टींवर आपोआप नजर राहते. दूरवरच्या डोंगरपायथ्याशी, आमराईत वसलेली सुंदर संस्था पाहून पालक हरखून जातात. पण जिथे भाऊ वर्षातून दोनदाच पोहोचू शकतो, तिथल्या हिरवळीचा बहिणीला किती उपयोग आहे, याचा विचार करा.

पाहणीला जाताना एकदा ठरवून, सकाळी जा. कार्यालय, कार्यशाळा, पणत्या आणि राख्या तेव्हा पाहून होतील. दुसऱ्या खेपेला मात्र संध्याकाळी पाच नंतर जा आणि आठपर्यंत थांबण्याची परवानगी मागा. शिक्षक आणि समाजसेविका घरी गेल्यावर, सुट्टीच्या दिवशी, रात्री संस्था कशी चालते, यावरच तिथल्या माणसांचे आयुष्य कसे आहे ते ठरते. काही ठिकाणी स्वयंपाकी लवकर जातात म्हणून साडेसहालाच ताटे मांडली जातात आणि साडेसातला दिवे मालवून सगळ्यांना झोपायला लावले जाते. म्हणजे पुढचे बारा तास प्रौढ माणसांनी अंधारात पडून राहायचे. रात्रपाळीला किती मावश्या असतात, त्या जाग्या असतात की झोपतात, त्यांच्यातली सर्वांत जुनी मावशी किती वर्षे आहे, हे विचारा. संस्थेत मावश्या टिकत असतील तर त्यांना वेळेवर पगार आणि माणुसकीची वागणूक मिळत असते, आणि तीच वागणूक त्यांच्याकडून पुढे आपल्या माणसाला मिळते. दर दोन महिन्यांनी चेहरे बदलणारी संस्था कितीही स्वच्छ असली तरी मी टाळते.

स्वच्छतागृह पाहिल्याशिवाय परत येऊ नका. तिथे दाराला आतून कडी आहे का आणि अडचण आली तर ती बाहेरून उघडता येते का, जमीन घसरडी आहे का, धरायला दांडा आहे का, आंघोळ एकेकीची होते की सगळ्यांना रांगेत बसवून, हे सगळे तिथे एका नजरेत कळते. त्यानंतर कपाट उघडून दाखवायला सांगा. एका संस्थेत प्रत्येकीच्या खणावर तिचे छायाचित्र चिकटवलेले होते. पन्नाशीच्या एका बाईंनी मला आपला खण उघडून दाखवला: आत इस्त्रीचे चार गाऊन, एक रेशमी साडी, पावडरचा डबा आणि भाच्याच्या लग्नाची पत्रिका. खण दाखवून झाल्यावर त्यांनी तो बंद केला, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात परत अडकवली आणि मला ‘आता चला’ म्हणाल्या. दुसऱ्या एका ठिकाणी धुतलेले सगळे कपडे एका मोठ्या गाठोड्यात होते आणि ज्याच्या अंगाला जो येईल तो त्याला घातला जात होता. दोन्हीकडची मासिक फी जवळपास सारखीच होती.

काही संस्था सांगतात की प्रवेशानंतर पहिले दोन-तीन महिने घरच्यांनी भेटू नये, म्हणजे मूल लवकर रुळते. या नियमाशी मी अजिबात सहमत नाही. अचानक दिसेनासे झालेले घरचे लोक मेले की रागावले, हे तिला कसे कळणार? शिवाय सुरुवातीच्या काळातच मारहाण, उपासमार किंवा लैंगिक छळ लपवणे सोपे जाते. २०११ साली पनवेलजवळच्या कळंबोलीतील एका निवासी संस्थेतील मतिमंद मुलींवरच्या अत्याचारांचे प्रकरण उघडकीस आले आणि मुंबई उच्च न्यायालयाला अशा संस्थांच्या तपासणीत लक्ष घालावे लागले. ज्या घरांत नातेवाईक कधीही, न कळवता येऊन भेटू शकतात, तिथे असे काही दडवणे फार कठीण जाते. भेटीची वेळ, दूरध्वनीवर रोज किंवा एक दिवसाआड बोलण्याची सोय आणि सणाला घरी नेण्याची मुभा, या तीन गोष्टी लेखी घ्या.

बहिणीसाठी जागा पाहत आहात म्हणून हेही सांगितले पाहिजे. तिच्या मासिक पाळीच्या दिवसांत मदत कोण करते, हे न संकोचता विचारा. ते आपल्याला अवघड जात असेल तर पत्नीला विचारू द्या. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये ‘स्वच्छता राखता येत नाही’ या कारणाखाली पुण्यात काढून टाकण्यात आली होती आणि त्याविरुद्ध राज्यभरातील स्त्री-संघटना उभ्या राहिल्या होत्या. तरीही ‘प्रवेशाआधी पिशवी काढून आणा’ असे तोंडी सुचवणारी माणसे आजही भेटतात. तसे कोणी म्हटले तर ती संस्था यादीतून तिथेच वगळा. वैद्यकीय कारण नसताना केवळ इतरांच्या सोयीसाठी तिच्या शरीरावर शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार कोणालाही नाही, आईलाही नाही.

यापुढचा मुद्दा बहुतेक कुटुंबांकडून सुटतो. प्रवेशअर्जावर ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश’ अशी अट असते. आज आपली बहीण जेवते, आंघोळ करते, केर काढते, म्हणजे ती त्या अटीत बसते. परंतु डाउन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र जादा असते आणि अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराशी निगडित असलेल्या अमायलॉइड प्रथिनाचे जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्याच मेंदूत त्या आजाराच्या खुणा सापडतात आणि स्मृतिभ्रंशाचे निदान बहुधा पंचावन्नच्या आसपास होते, म्हणजे इतरांपेक्षा कितीतरी आधी. याचा अर्थ, जिथे ती आज दाखल होईल तिथेच पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिला भरवावे लागेल, अंथरुणात कपडे बदलावे लागतील, जिने चढता येणार नाहीत. ‘काम जमेनासे झाले तर पालकांनी परत न्यावे’ असे कलम करारात असेल, तर आपण आज घर निवडत नसून काही वर्षांची सोय करत आहात. संस्थेत साठीच्या रहिवासी आहेत का, अंथरुणाला खिळलेल्या कोणी आहेत का, असतील तर मला त्यांच्या खाटेजवळ नेता का, असे थेट विचारा. माझ्या पाहणीत मी सर्वाधिक वेळ त्या खाटेजवळ काढते. चादर, नखे, पाठीवरची त्वचा आणि पाण्याचा पेला हाताशी आहे की नाही, एवढ्यावरून संस्थेविषयी पुष्कळ समजते.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात डाउन सिंड्रोममध्ये विसरण्यापेक्षा स्वभाव बदलण्याने अधिक वेळा होते. आवडीचे काम सोडून देणे, एकदम चिडणे, गप्प बसणे, फरशीचा रंग बदलतो तिथे पाऊल टाकायला घाबरणे, अशा गोष्टी दिसू लागतात. मावश्या त्याला ‘हट्ट’ म्हणतात आणि ओरडतात. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. थायरॉइड मंदावणे, ऐकू कमी येणे, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य या सर्वांतून असाच बदल दिसतो, आणि यांवर उपचार होऊ शकतात. म्हणून स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्याआधी हे सगळे तपासलेच पाहिजे. थायरॉइडची तपासणी वर्षातून एकदा, कान आणि डोळे ठरावीक काळाने, इतके तरी संस्थेच्या वैद्यकीय नोंदवहीत दिसायला हवे. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सैलपणा हा या व्यक्तींमधला आणखी एक धोका आहे. चाल एकाएकी बदलली, हातापायांत कमजोरी आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवायचे आणि कोणतीही भूल देण्याच्या आधी भूलतज्ज्ञाला याची कल्पना द्यायची, हे मुख्य मावशीला ठाऊक असले पाहिजे. मनोविकारांवरची औषधे किती जणींना चालू आहेत आणि ती कोण, किती दिवसांनी तपासून पाहते, हेही विचारा. डाउन सिंड्रोम असलेल्या पुष्कळ प्रौढ व्यक्ती दिवसभरात काय घडले ते स्वतःशीच मोठ्याने बोलत असतात. तो त्यांचा विचार करण्याचा मार्ग असतो. न समजणाऱ्या माणसाला ते वेडाचे लक्षण वाटते आणि गोळी सुरू होते.

यासाठीच बहिणीची एक वही आजपासून आईच्या तोंडून लिहून घ्यायला लागा. औषधे आणि तपासण्या तर त्यात हव्यातच, पण तिला भाकरी कुस्करून लागते की तुकडा मोडून, केस कोणाला विंचरू देते, ढगांच्या गडगडाटाला घाबरते का, दुखत असताना ‘दुखतंय’ म्हणते की नुसती कान चोळते, कोणता शब्द ती कशासाठी वापरते, हे फक्त आईला माहीत आहे आणि आईबरोबर ते जाईल. सोबत भ्रमणध्वनीवर छोट्या चित्रफिती करून ठेवा: ती चालताना, जिना उतरताना, चहा करताना, गप्पा मारताना. दहा वर्षांनी डॉक्टर विचारतील की आधी काय येत होते, तेव्हा या चित्रफितींइतका भक्कम पुरावा दुसरा नसेल.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी ते संस्थेच्या शोधाबरोबरच सुरू करा. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तरीय समिती असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी तिच्यात असतो. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्वाचा आदेश मिळवावा लागतो. आई आणि आपण बसून ठरवा की अर्ज कोणाच्या नावे करायचा. आईचे वय पाहता मी आपले नाव सुचवेन. पालक नेमल्यानंतर सहा महिन्यांच्या आत बहिणीच्या मालमत्तेची यादी आणि त्यानंतर दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो, हे ध्यानात ठेवा. नोंदणीकृत संस्थेलाही पालक नेमता येते, पण घरात जबाबदार भाऊ असताना फी घेणारी संस्था आणि तक्रार करू शकणारा पालक एकच असू नये, असे मला वाटते. याच न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. त्यासाठी आधीची वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि पूर्वीचा आजार आड येत नाही. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी कार्ड) काढलेले नसेल तर तेही आधी काढा.

वडील शिक्षक होते, म्हणून एक मोठा आधार आपल्या हाताशी आहे. आईला मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन तिच्या पश्चात, स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला हयातभर मिळू शकते. ज्या कार्यालयातून ते निघते तिथे बहिणीचे नाव वैद्यकीय प्रमाणपत्रासह आईच्या हयातीतच नोंदवून घ्या. नंतर हेच काम करायला महिनोन्महिने खेटे घालावे लागतात, आणि मधल्या काळात संस्थेची फी थांबत नाही.

राहत्या घराविषयीही बोलले पाहिजे. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत हिंदू वारसा कायद्यानुसार आई, आपण आणि बहीण यांचा सारखा हिस्सा आहे आणि दिव्यांगत्वामुळे तो कमी होत नाही. गावाकडे तलाठ्याचे किंवा दुय्यम निबंधकाचे काम ‘सोपे’ करण्यासाठी अशा बहिणीचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतला जातो. व्यवहार समजण्याची क्षमता नसलेल्या व्यक्तीने दिलेले असे पत्र कायद्यापुढे टिकत नाही, आणि टिकले असते तरी ते करू नये. आईने आपला हिस्सा मृत्युपत्राने एका खासगी न्यासात (ट्रस्टमध्ये) ठेवावा, दोन किंवा तीन विश्वस्त नेमावेत आणि त्याचे उत्पन्न बहिणीच्या फीसाठी व औषधपाण्यासाठीच खर्च व्हावे असे लिहून ठेवावे. बहिणीच्या पश्चात ते कोणाकडे जावे हेही त्यातच नमूद करता येते. चांगल्या वकिलाकडून हे करून घ्या.

संस्थेच्या कागदपत्रांपैकी दोन गोष्टी तरी मागाच: २०१६च्या अधिनियमाखालील नोंदणी प्रमाणपत्र, ज्याच्याशिवाय अशी संस्था चालवताच येत नाही, आणि धर्मादाय आयुक्तांकडे सादर केलेले लेखापरीक्षित हिशेब. काही ठिकाणी आयुष्यभराची म्हणून मोठी रक्कम एकदम घेतात. बहीण तिथे रमली नाही किंवा संस्था बंद पडली तर त्यातले किती आणि कसे परत मिळणार, हे लेखी नसेल तर पैसे देऊ नका. मासिक फी दरवर्षी किती वाढते, रुग्णालयात दाखल केल्यास सोबत कोण राहते आणि त्याचा खर्च कोणाचा, हेही स्पष्ट करून घ्या. आणि एक प्रश्न थोडा अवघड वाटला तरी संस्थापकांनाच विचारा: आपल्यानंतर कोण? आपल्याकडच्या कितीतरी उत्तम संस्था एका तळमळीच्या जोडप्याच्या जिवावर उभ्या आहेत. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. परंतु आपली बहीण त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल तर या प्रश्नाचे उत्तर नावानिशी मिळाले पाहिजे, आणि ज्याचे नाव घेतले जाईल तो माणूस संस्थेत रोज काम करताना दिसला पाहिजे.

संस्था ठरल्यावर बहिणीला एकदम नेऊन सोडू नका. पहिल्यांदा आईसोबत दिवसभरासाठी जा आणि जेवून परत या. मग एखाद्या सणाच्या कार्यक्रमाला, नंतर दोन रात्रींसाठी, पुढे आठवड्यासाठी. बऱ्याच संस्था अशी अल्पकाळाची सोय देतात. देत नसतील तर विनंती करा, कारण याच मुक्कामांत तिचे मतही कळते. तिला शब्दांत सांगता येत नसले तरी परत जायचे म्हटल्यावर ती पिशवी भरायला धावते की पलंगाखाली चप्पल लपवते, हे उत्तरच आहे आणि ते मानले पाहिजे. दोन संस्था पसंतीस उतरल्या असतील तर त्यांतली कोणती, हे तिला ठरवू द्या. तिच्याशी खोटे बोलू नका. ‘फिरायला जाऊ’ म्हणून नेऊन ठेवलेल्या माणसाचा पुढे घरच्यांच्या कोणत्याच शब्दावर विश्वास राहत नाही. कुठे राहणार, कोण सोबत असेल, दादा कोणत्या वारी येणार, हे चित्रांच्या दिनदर्शिकेवर दाखवून सांगितले की बहुतेकांना समजते. तिची गोधडी, तिची वाटी आणि देवाचा फोटो तिच्याबरोबर जाऊ द्या.

पुढे कधी आई गेली, तर ती बातमी बहिणीपासून लपवू नका. ‘आई गावाला गेली’ असे सांगितलेली माणसे वर्षानुवर्षे दाराशी वाट पाहत बसलेली मी पाहिली आहेत. स्पष्ट शब्दांत सांगा, अंत्यदर्शनाला आणा, रडू द्या आणि तिचा शोक कदाचित काही महिन्यांनी, वागणुकीतल्या बदलातून बाहेर येईल याची मावश्यांना कल्पना देऊन ठेवा.

राहता राहिला आईचा नकार. आपण मुलगा म्हणून कितीही समजावले तरी तिला त्यात ‘माझी लेक आता तुम्हाला जड झाली’ एवढेच ऐकू येण्याची शक्यता आहे. तिला एखाद्या पालकांच्या संस्थेत नेऊन, आपली मुलगी तिथे ठेवलेल्या दुसऱ्या आईजवळ तासभर बसवा आणि आपण त्या खोलीत थांबू नका. निर्णय त्या दिवशी मागू नका. फक्त दोन रात्रींच्या मुक्कामाला हो म्हणवून घ्या आणि त्या दोन रात्री शक्य असल्यास आईलाही तिथेच राहू द्या. बहीण कायमची गेल्यावरही निदान वर्षभर गावच्या घरातली तिची खाट हलवू नका. ती सुट्टीत येईल तेव्हा तिला तिची जागा जशीच्या तशी मिळाली पाहिजे. आणि वर्षभरानंतरही ती कोमेजत चालली आहे, वजन घटते आहे, बोलणे थांबले आहे असे दिसले, तर दिलेल्या अनामतीचा हिशेब करत बसू नका; तिला घरी आणा आणि यादीतल्या दुसऱ्या संस्थेत पुन्हा दिवसभराच्या भेटीपासून सुरुवात करा.